नवलाईची बदके आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी : खेळण्यांच्या प्रदर्शनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

खेळणे ही वस्तू अभ्यासाच्या कक्षेत फार उशिरा आली. नाणी, ताम्रपट, मूर्ती, शस्त्रे आणि हस्तलिखिते यांना संग्रहालयात मानाचे स्थान मिळाले, तेव्हा खेळणी घरातल्या अडगळीत पडून होती. खेळणे मोडण्यासाठीच असते, अशी समजूत सार्वत्रिक असल्यामुळे ते जपून ठेवण्याचा विचार सहसा कोणी केला नाही. विसाव्या शतकात हे चित्र पालटले. बालसंग्रहालये निघाली, खेळण्यांची दालने उघडली आणि मोडण्यासाठी जन्मलेली वस्तू काचेआड सुरक्षित झाली. या सुरक्षिततेची किंमत खेळण्याला काय द्यावी लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी दोन वस्तू समोरासमोर ठेवल्या आहेत. पहिली, पाश्चात्त्य बालसंग्रहालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत रांगेने मांडली जाणारी नवलाईची रबरी बदके. दुसरी, भंडारा जिल्ह्यात आणि एकूणच विदर्भात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुलांच्या हाती येणारा चाकांचा लाकडी नंदी.

या दोन वस्तूंची तुलना प्रथमदर्शनी विजोड वाटेल. एक कारखान्यातील साच्यातून निघते, दुसरी सुताराच्या हातून. एक न्हाणीघरात तरंगते, दुसरी गावाच्या रस्त्यावर धावते. तथापि दोन्ही प्राण्यांच्या प्रतिकृती आहेत, दोन्ही मुलांसाठी निर्माण झाल्या आहेत आणि दोन्हींच्या बाबतीत आज एकच प्रक्रिया घडत आहे. खेळणे मुलाच्या हातून सुटून प्रौढांच्या नजरेसाठी सजत आहे. ही प्रक्रिया बदकाच्या बाबतीत पूर्णत्वास गेली आहे. नंदीच्या बाबतीत ती अजून अर्ध्या वाटेवर आहे, म्हणूनच तिची चर्चा आताच होणे अगत्याचे ठरते.

बदकाचा प्रवास

चार्ल्स गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनीकरणाचे अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये मिळाले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबराची खेळणी बनू लागली. आरंभीची रबरी बदके भरीव होती. ती पाण्यावर तरंगत नसत, दात येणाऱ्या बाळांनी चावावीत एवढाच त्यांचा उपयोग होता. आज जगाला परिचित असलेल्या पोकळ, पिवळ्या, तरंगत्या बदकाचे श्रेय बहुधा पीटर गॅनिन या शिल्पकाराला दिले जाते. १९४० च्या दशकात त्याने ही आकृती घडवली व १९४९ मध्ये तिच्या आकाराचे पेटंट त्याला मिळाले. पुढे रबराची जागा व्हायनिल या प्लास्टिकने घेतली. म्हणजे आज ज्याला जग रबरी बदक म्हणते, त्यात बहुतेक वेळा रबर नसतेच. नाव राहिले आणि द्रव्य बदलले. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. मराठीत शाईच्या काळ्या रंगावरून आलेला शब्द निळ्या शाईलाही चालतोच.

१९७० मध्ये 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकी बालकार्यक्रमातील अर्नी या बाहुल्याने आपल्या बदकावर एक गाणे म्हटले आणि न्हाणीघरातली ही साधी वस्तू बालपणाचे प्रतीक बनली. १० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावरून काही कंटेनर प्रशांत महासागरात पडले. त्यांपैकी एकात २८,८०० प्लास्टिकची स्नानखेळणी होती. कर्टिस एबेसमायर या समुद्रशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यांवर वाहत आलेल्या या खेळण्यांच्या नोंदी ठेवून सागरी प्रवाहांचा अभ्यास केला. या घटनेची एक बाजू विशेष लक्षणीय आहे. त्या कंटेनरमध्ये पिवळी बदके, तांबडे बीव्हर, हिरवे बेडूक आणि निळी कासवे अशा चार आकृत्या समप्रमाणात होत्या. म्हणजे बदके केवळ ७,२०० होती. तरीही जगाच्या स्मरणात ती घटना बदकांची म्हणूनच राहिली. बेडूक आणि कासवे विस्मरणात गेली. एखादी वस्तू प्रतीक बनली म्हणजे तिच्या शेजारच्या वस्तू कशा अदृश्य होतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पुढचा टप्पा कलेचा आणि संग्रहालयाचा. फ्लोरेंटाइन हॉफमन या डच कलावंताने २००७ पासून महाकाय फुगीर बदके विविध शहरांच्या जलाशयांत तरंगती ठेवली. हाँगकाँगच्या बंदरात २०१३ मध्ये आलेले बदक साडेसोळा मीटर उंच होते. त्याच वर्षी अमेरिकेतील रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग' या खेळविषयक राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्या खेळण्यांच्या मानसूचीत बुद्धिबळासोबत रबरी बदकाचा समावेश केला. एका अमेरिकी संग्राहक महिलेकडे २०११ मध्ये ५,६३१ वेगवेगळी बदके असल्याची नोंद गिनीज विक्रमांत झाली.

'वेगवेगळी' हा शब्द येथे कळीचा आहे. पाच हजार बदके वेगवेगळी कशी असतील? तर शरीर एकच आणि पोशाख निराळा. डॉक्टरचे बदक, पोलिसाचे बदक, समुद्री चाच्याचे, राजाचे, नवरानवरीचे, खेळाडूचे, लेखकाचे. यांनाच येथे नवलाईची बदके म्हटले आहे. साध्या बदकाला कोणतीही भूमिका नव्हती. त्याला नाव द्यायचे, बोलते करायचे, बुडवायचे की वाचवायचे, हे मूल ठरवत असे. नवलाईचे बदक मात्र आपली भूमिका आधीच घेऊन येते. चाच्याचे बदक चाचाच राहणार. त्यातली गंमत पहिल्या दृष्टिक्षेपात कळते आणि तेथेच संपते. म्हणून दुसरे बदक घ्यावे लागते, मग तिसरे. हा विनोद प्रौढाला कळतो, कारण डॉक्टर आणि बदक यांतील विसंगती कळण्यासाठी डॉक्टरची प्रतिष्ठा ठाऊक असावी लागते. दोन वर्षांच्या मुलाला ती ठाऊक नसते. खेळण्याच्या आकारात प्रौढांसाठी बनलेली ही वस्तू बालसंग्रहालयात खेळणे म्हणून मांडली जाते, ही विसंगती मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

काचेची निवड

असे का व्हावे? याचे उत्तर काचेच्या कपाटाच्या स्वभावात शोधावे लागते. काच केवळ दृष्टीला आत येऊ देते. वस्तूचे वजन, तिचा पोत, आवाज, तिचा ओला वास, दाबल्यावर तिने सोडलेली पाण्याची चिळकांडी यांपैकी काहीही काचेपलीकडून येत नाही. मग ज्या वस्तूचे सारे मोल दिसण्यात आहे, तीच तेथे खुलून दिसते. साध्या पिवळ्या बदकाला कपाटात काहीच करता येत नाही. नवलाईचे बदक तेथे शोभते, किंबहुना कपाटासाठीच ते जन्मले आहे. म्हणजे प्रदर्शनाचे साधन तटस्थ नसते. ते आपल्याला सोयीची वस्तू निवडते.

याचा एक विदारक पुरावा विज्ञानाने दिला आहे. २०१८ मध्ये स्वित्झर्लंड व अमेरिकेतील संशोधकांनी वापरातील स्नानखेळणी कापून पाहिली, तेव्हा त्यांच्या आतल्या बाजूवर जिवाणूंचे आणि पुष्कळदा बुरशीचे दाट थर आढळले. ज्या छिद्रातून पाणी उडवण्याची मौज येते, त्याच छिद्रातून घाण पाणी आत राहते. ही बाब आरोग्याची आहेच. पण खेळण्याच्या अभ्यासकासाठी ती वेगळ्या अर्थाने महत्त्वाची आहे. वापरलेल्या बदकाच्या आत वापराचा इतिहास साठलेला असतो. संग्रहालयातील न वापरलेल्या बदकाच्या आत काहीच नसते.

बालसंग्रहालयाच्या चळवळीला हा प्रश्न अपरिचित होता असे नाही. १८९९ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे जगातील पहिले बालसंग्रहालय निघाले. बोस्टनच्या बालसंग्रहालयात मायकेल स्पॉक यांनी १९६० च्या दशकात कपाटे बाजूला सारून मुलांना वस्तू हाताळू देणारी दालने उभारली. भारतात के. शंकर पिल्लई यांनी दिल्लीत १९६५ मध्ये स्थापन केलेले आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय मात्र पाहण्याच्याच परंपरेतले राहिले. देशोदेशींच्या वेषभूषेतील बाहुल्या तेथे काचेआड उभ्या आहेत. नेहरूयुगातील विश्वबंधुत्वाच्या कल्पनेचा तो सुंदर आविष्कार आहे, हे मान्य करावेच लागेल. परंतु तेथील बाहुली ही मुलीची मैत्रीण नसून राष्ट्राची प्रतिनिधी आहे, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात या संदर्भात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा उल्लेख टाळता येणार नाही. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे, बाहुल्या अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयाच्या नावातील 'राजा' हा त्यांचा बालवयात वारलेला मुलगा. राजघराण्याच्या वस्तूंपेक्षा घरातल्या वस्तूंकडे वळलेली ही दृष्टी मराठी संग्रहालयपरंपरेची मोठी मिळकत आहे. केळकरांच्या अडकित्त्यांत नक्षी आहे. पण अडकित्त्याची नक्षी सुपारी कातरण्याच्या आड येत नाही. नवलाईच्या बदकाची टोपी त्याच्या तरंगण्याच्या आड येऊ शकते. टोपीच्या भाराने कलंडणारी बदके बाजारात सर्रास मिळतात, आणि त्यांना कोणी परतही करत नाही. ती पाण्यात टाकायची नसतातच.

भंडाऱ्यातील नंदी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या जलव्यवस्थापनाची साक्ष देणारे माजी मालगुजारी तलाव आजही येथील धानशेतीचा आधार आहेत. या तलावांवर हिवाळ्यात खरी बदके उतरतात. येथील मुलाला बदक पाण्यावर कसे तरंगते हे शिकण्यासाठी प्लास्टिकची गरज नाही; शिवाय बादली आणि लोट्याने स्नान करणाऱ्या घरात तरंगत्या बदकाला जागाच नाही. रबरी बदकासाठी न्हाणीचा टब लागतो आणि टबासाठी एका विशिष्ट प्रकारचे घर. खेळणे सुटे येत नाही, ते आपले घर सोबत घेऊन येते.

येथले खेळणे नंदी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, श्रावणी अमावास्येला झुली, बाशिंगे, घुंगरू चढवून बैल तोरणाखाली उभे करायचे, झडत्या म्हणायच्या. रोवणी आटोपलेली असते आणि चिखलात राबलेल्या बैलाला त्या दिवशी विसावा असतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजीशी या प्रथेचा आरंभ जोडला जातो. लाकडाचा बैल, खाली पाटी, पाटीला चार चाके आणि ओढायला दोरी. मुले तो सजवतात, तान्ह्या तोरणाखाली उभा करतात, आरती होते आणि मग नंदी घेऊन घरोघर जातात. प्रत्येक घरी नंदीला ओवाळले जाते आणि मुलाच्या हाती बोजारा पडतो. काही नाणी, थोडा खाऊ. पण मुलाच्या दृष्टीने ती त्याच्या बैलाची कमाई असते.

येथे खेळणे म्हणजे काय, या व्याख्येलाच अडचण निर्माण होते. नंदी पूज्य आहे, तरी त्याला दोरीने फरफटवले जाते. पडला तर उचलून पुन्हा उभा केला जातो; चाक निघाले तर वडील किंवा सुतार खिळा ठोकून देतात. देवत्व आणि खेळ यांची इतकी सहज सांगड नागर संस्कृतीत क्वचितच आढळते. संग्रहालयशास्त्र मात्र वस्तूला एकाच खान्यात बसवू पाहते, 'धार्मिक वस्तू' किंवा 'खेळणी'. नंदी कोणत्याही एका खान्यात मावत नाही.

हा पेच नवा नाही. १९७४ मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे एका शेतकऱ्याला चार कांस्यशिल्पे सापडली. दोन बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, चाकांवरचा गेंडा, चाकांवरचा रेडा आणि बैठकीवरचा हत्ती. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले, तसे प्रयोजनाविषयीही. खेळणी म्हणावीत तर मुलाला ओढवणार नाहीत इतकी जड. केवळ मूर्ती म्हणाव्यात तर चाके कशाला? मिरवणुकीच्या विधीत ती ओढली जात असावीत, असा तर्क मांडला गेला. दायमाबादचा रथ आणि भंडाऱ्याचा नंदी यांत अखंड परंपरा आहे असे येथे सुचवायचे नाही. तसा पुरावा नाही, आणि प्राचीनतेचा दाखला देऊन लोकवस्तूला प्रतिष्ठा मिळवून देण्याची आपल्याकडील सवय फारशी निरोगी नाही. मुद्दा एवढाच की, प्राण्याला चाके लावली की त्याचा अर्थ स्थिर उभे राहण्यात उरत नाही. चाक असलेली वस्तू थांबवून दाखवणे म्हणजे तिच्याविषयी अर्धेच सांगणे होय.

द्रव्य आणि भूमिका

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात खेळण्यांवर एक छोटा निबंध लिहिला. आधुनिक खेळणी मुलाला निर्माता न बनवता प्रौढ जगाचा आयता उपभोक्ता बनवतात, हा त्याचा एक आक्षेप. आणि लाकडाची जागा प्लास्टिकने घेतली ही त्याची दुसरी खंत. लाकूड जिवंत झाडाचा संबंध टिकवते, झिजते, मुलासोबत वाढते. प्लास्टिक केवळ उपयोगी असते, असा त्याचा युक्तिवाद.

भंडाऱ्याचा नंदी या युक्तिवादाची चांगलीच कोंडी करतो. द्रव्याच्या कसोटीवर तो उत्तीर्ण होतो, पण आशयाच्या कसोटीवर? नंदी मुलाला शेतकऱ्याची भूमिकाच शिकवतो. बैल सजव, पूज, मिरव. हेच तर त्याने मोठेपणी करायचे असते. शिवाय परंपरेने ही दोरी प्रामुख्याने मुलग्यांच्या हाती राहिली. मुलींच्या वाट्याला भुलाबाईची मातीची मूर्ती आणि गाणी आली. अलीकडे तान्ह्या पोळ्यात मुलीही दिसतात, हा स्वागतार्ह बदल आहे. तेव्हा लाकडी आहे आणि देशी आहे एवढ्यावरून खेळण्याला मुक्त ठरवणे भाबडेपणाचे होईल. रबरी बदकाच्या बाजूनेही न्याय्य बोलायचे तर, त्याच्या मूळ साध्या रूपात मुलाला अधिक मोकळीक होती. त्याला कोणताही व्यवसाय नव्हता, जात नव्हती, लिंग नव्हते.

बार्थची मांडणी जेथे अपुरी पडते, तेथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य आठवावे. बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे साहित्य परिसरातूनच उभे केले. शंख, बिया, पाने, खडे, मातीची भांडी. साहित्याची किंमत कमी असणे ही त्यांच्या लेखी केवळ आर्थिक तडजोड नव्हती. ज्या वस्तूचे हरवणे परवडते, तीच वस्तू मुलाच्या हाती निर्धास्तपणे देता येते. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली विज्ञानखेळणी याच वाटेवरची. ती मोडून पाहण्यासाठीच असतात. द्रव्य लाकूड आहे की प्लास्टिक, यापेक्षा ते मुलाच्या स्वाधीन होते की नाही, ही कसोटी अधिक नेमकी ठरते.

सोन्याची गाडी

भारतीय साहित्यात या कसोटीची सर्वात तीक्ष्ण मांडणी शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या प्रकरणात आहे. गो. ब. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे मराठी रसिकाला ते घरचे वाटते. एका महान नाट्यकृतीचे नाव एका खेळण्यावरून पडले आहे, याकडे मराठी समीक्षेने दिले तितके लक्ष अपुरे आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला. ती गाडी परत गेली आणि दासी रदनिकेने त्याला मातीची गाडी करून दिली. तो रडतो आहे. वसंतसेना त्याला जवळ घेते आणि अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते, सोन्याची गाडी करून घे म्हणून.

या प्रसंगातील करुणा सर्वपरिचित आहे. परंतु खेळण्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात एक कठोर निरीक्षण दडले आहे. मातीची गाडी वाईट नव्हती. ती वाईट ठरली सोन्याची गाडी पाहिल्यानंतर. आणि जिच्यात दागिने भरले गेले ती गाडी पुढे खेळली जात नाही. ते दागिने परत करण्यासाठी निघालेल्या विदूषकाकडून न्यायसभेत ते खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा बनतात. खेळण्यात ऐश्वर्य भरले की खेळ थांबतो आणि प्रौढांचा व्यवहार सुरू होतो. वसंतसेनेचा हेतू निर्मळ असूनही शूद्रकाने हा परिणाम टाळलेला नाही, यातच त्याचे मोठेपण आहे.

तान्ह्या पोळ्यात आज हीच सोन्याची गाडी शिरली आहे. विदर्भातील अनेक गावांत आणि शहरांत मंडळांच्या वतीने नंदीसजावटीच्या स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात, मुलांची वेषभूषा पाहिली जाते. स्पर्धेमुळे सण टिकला, मुले घराबाहेर आली, हे श्रेय त्या मंडळांना द्यायलाच हवे. तथापि बक्षीस दुरून दिसणाऱ्या गोष्टीला मिळते. उंची, रोषणाई, देखावा, सामाजिक संदेशाचा फलक. परीक्षकाची नजर संग्रहालयाच्या काचेसारखीच काम करते. जे दिसते तेच ती निवडते. परिणामी नंदी वाढू लागतो. तो मुलाला ओढवत नाही, म्हणून वडील ओढतात किंवा तो गाडीवर ठेवून आणला जातो. मूल शेजारी नटून उभे असते. ज्याच्या घरी मागच्या पिढीचा काळवंडलेला, एक शिंग तुटलेला नंदी आहे, त्या मुलाला रोहसेनाचे रडू समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

नवलाईच्या बदकाची आणि स्पर्धेतील नंदीची जात येथे एक होते. दोघांचेही शरीर तेच, पोशाख मात्र दरवर्षी नवा. फरक इतकाच की बदकाचे दुकान होते, नंदीचे अजून पुरते झालेले नाही.

बैल नाहीसा होताना

या चर्चेला एक आर्थिक पार्श्वभूमी आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत तीस टक्क्यांची घट. धानाच्या बांधीत चिखलणीसाठी ट्रॅक्टर आले आणि बैलजोडी पोसणे लहान शेतकऱ्याला परवडेनासे झाले. यात हळहळण्यासारखे किती आणि सुटकेसारखे किती, हा प्रश्न शेतकऱ्यालाच विचारावा. नगरवासी अभ्यासकाने त्याच्या वतीने उसासे टाकू नयेत.

परंतु याचा अर्थ असा की, पोळ्याच्या तोरणाखाली बैल कमी होत असताना तान्ह्या तोरणाखाली नंदी वाढत आहेत. प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा संख्येने पुढे जात आहे. आतापर्यंत नंदी हा गोठ्यातल्या बैलाचे लहान रूप होता. मूल त्याला त्या बैलाच्या नावाने हाक मारत असे. ज्याच्या गोठ्यात बैल नाही, किंबहुना गोठाच नाही, त्या मुलाचा नंदी कोणाची प्रतिकृती आहे? इंग्लंड-अमेरिकेतील मुलाने पिवळे बदक पाहिले ते बहुधा तळ्यावर नव्हे, थेट टबात. त्यामुळे त्याच्या बदकाला कोणताही पोशाख चढवता आला. मूळ पक्षी अडवायला नव्हता. नंदीही आता त्या उंबरठ्यावर उभा आहे.

शासनाच्या पातळीवर खेळण्यांकडे अलीकडे लक्ष गेले आहे. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के करण्यात आले. खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यातून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट मिळाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने खेळण्यांवर आधारित अध्यापनाचा पुरस्कार झाला. या उपाययोजना उपयुक्त आहेत. पण त्यांत खेळणे एकतर उद्योगाचा माल असते किंवा पाठाचे साधन. वर्षातून एक दिवस ओढायचा आणि उरलेले वर्ष देवघराशेजारी किंवा माळ्यावर ठेवायचा नंदी यांपैकी कशात बसतो, हे कोणत्याही परिपत्रकातून समजत नाही. भंडाऱ्यात नंदी घडवणारा सुतार पोळ्यापूर्वीचे काही दिवस हे काम करतो; एरवी तो चौकटी आणि खाटा करतो. त्याला खेळण्यांचा कारागीर म्हणून कोण नोंदवणार?

मांडणीचा प्रश्न

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये स्वतंत्र बालसंग्रहालय सुरू केले. असे प्रयत्न जिल्हा पातळीवर पोहोचायला वेळ लागेल. परंतु महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र विभागांनी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा शहरात आणि पवनी, साकोली, लाखांदूर, तुमसर, मोहाडी, लाखनी या तालुक्यांत घरोघरी जुने नंदी आहेत. ते गोळा करण्याआधी त्यांची नोंद करणे आवश्यक आहे, आणि नोंदीतच प्रदर्शनाची दिशा ठरते.

'लाकडी बैल, विसावे शतक, भंडारा जिल्हा' अशी पाटी लिहिली तर नंदीचे नवलाईचे बदक व्हायला वेळ लागणार नाही. मग दालन भरण्यासाठी अधिक रंगीत, अधिक उंच, अधिक चमत्कारिक नंदी शोधावे लागतील. त्याऐवजी नोंदीत लाकूड कोणते आणि ते कोठून आले, घडवणाऱ्या सुताराने मजुरी पैशात घेतली की धान्यात, कोणकोणत्या भावंडांनी तो ओढला, त्याला कोणत्या बैलाचे नाव होते, तो बैल पुढे विकला की गोठ्यातच मेला, पहिला बोजारा किती मिळाला, हे प्रश्न असावेत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संग्रहातील काही नंदी मुलांच्या हाती द्यावेत आणि ते झिजतील हे गृहीत धरावे. संग्रहालयशास्त्राच्या रूढ शिस्तीला हे मानवणार नाही. पण विद्यार्थ्यांच्या हातून नोंद झालेली झीज ही हानी नसून नोंदीचाच पुढचा भाग आहे.

चाकांकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. जुन्या नंदीची चारही चाके एकाच वेळची क्वचितच असतात. एखादे मूळचे, एखादे नंतर बसवलेले, एखादे कोणत्या तरी डब्याच्या झाकणाचे. संग्रहासाठी नंदी स्वच्छ करताना अशी विजोड चाके काढून चार सारखी चाके बसवण्याचा मोह होतो. ती काढू नयेत. झाकणाचे चाक कोणी बसवले आणि कोणत्या वर्षीच्या पोळ्याला, हे सांगणारे माणूस बहुधा त्याच घरात असते. नोंद तेथून सुरू करावी.